राष्ट्रप्रमुख सुट्टीवर गेले की मागं काय होतं? अभ्यासिकेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या अभ्यासिकेत पोरं दिवसभर स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसतात आणि संध्याकाळी चहाला खाली उतरली की असले प्रश्न काढतात. ट्रम्प परत फ्लोरिडाला गेला, मग ऑफिस कोण बघतंय, रजा कोण मंजूर करतं, विमानाचं बिल कुणाच्या नावावर. तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून एकदाचं लिहून काढलंय. क्रमबिम काही नाही, जसं विचारलं गेलं तसं.

राष्ट्रप्रमुख म्हंजे नक्की कोण? पंतप्रधान त्यात येतात का?

कागदावर बघायचं तर नाही येत. आपल्याकडं राष्ट्रप्रमुख राष्ट्रपती आणि सरकार चालवणारे पंतप्रधान. ब्रिटनमध्ये राजा आणि पंतप्रधान, असंच. अमेरिकेत दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर. पण सुट्टीचा विषय निघाला की लोक दोघांना एकाच तागडीत टाकतात आणि खरं सांगायचं तर भांडण नेहमी काम करणाऱ्या माणसाच्या सुट्टीवरनंच होतं, म्हणून मी पण खाली दोन्ही घेतलेत.

यांना वर्षाला किती रजा असतात?

शून्य. म्हंजे शून्य मिळतात असं नाही, रजा हा प्रकारच नाही. कॅज्युअल, अर्जित, मेडिकल हे सगळं तुमच्या आमच्या सर्व्हिस बुकात. पंतप्रधानांनी अर्ज कुणाकडं द्यायचा, सांगा बघू? अमेरिकेच्या अध्यक्षाला पण रजेचा नियम नाही, त्याला वाटलं तर तो उठून जातो आणि मागनं विमान, डॉक्टर, टेलिफोनवाले, अंगरक्षक सगळी वरात जाते.

मोदींनी एकही सुट्टी घेतली नाही म्हणतात, खरं काय?

माहिती अधिकारात विचारलं होतं लोकांनी, एकदा नाही बऱ्याच वेळा. पंतप्रधान कार्यालयाचं उत्तर असं की पंतप्रधान सगळा वेळ ड्युटीवरच असतात असं म्हणता येईल आणि सध्याच्या पंतप्रधानांनी रजा घेतलेली नाही. आधीच्या पंतप्रधानांच्या रजेबद्दल विचारलं तर ती माहिती आमच्या रेकॉर्डमध्ये नाही म्हणाले.

आता यावरनं व्हॉट्सअपवर दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते बघा कसला माणूस, दुसरी म्हणते मग गुहेत बसला होता ते काय होतं. माझं म्हणणं वेगळंच आहे. जिथं रजेचं रजिस्टरच नाही तिथं रजा घेतली का नाही हा प्रश्नच लागू होत नाही. विचारायचंच तर हे विचारा की माणूस चार दिवस उपलब्ध नसला तर सही कुणाची. त्याचं उत्तर रजिस्टरपेक्षा महत्त्वाचं आहे.

बरं मग तेच सांगा, आपल्याकडं सही कुणाची?

राष्ट्रपतींचं स्पष्ट लिहिलंय. राज्यघटनेच्या ६५ व्या कलमात आहे की गैरहजेरी, आजारपण किंवा दुसऱ्या कारणानं राष्ट्रपतींना काम करता येत नसेल तर ते परत रुजू होईपर्यंत उपराष्ट्रपती काम बघतात.

पंतप्रधानांचं असं काही घटनेत नाही. उपपंतप्रधान हे पद पण घटनेत नाही, राजकीय सोयीनं कधी असतं कधी नसतं. जानेवारी २००९ मध्ये मनमोहन सिंगांची बायपास झाली तेव्हा मंत्रिमंडळाच्या बैठकांचं प्रणव मुखर्जींनी बघितलं आणि २६ जानेवारीला अमर जवान ज्योतीवर पुष्पचक्र वाहिलं ते संरक्षणमंत्री अँटनींनी. काम चाललं, अडलं नाही, पण ते सगळं त्या वेळेपुरतं ठरवलेलं. कायम लिहून ठेवलेलं काही नाही हे मला स्वतःला खटकतं.

आपले आधीचे पंतप्रधान जायचे का सुट्टीला?

जायचे की. आणि लपूनछपून पण नाही.

वाजपेयींचं मनालीजवळचं प्रिणी गाव प्रसिद्धच आहे, तिथं त्यांचं घर होतं आणि पंतप्रधान असताना पण ते उन्हाळ्यात जायचे. पण मला जास्त आवडतो तो त्यांचा केरळातल्या कुमरकोमचा मुक्काम. २००० साल संपताना वेंबनाड तलावाच्या काठावर एका रिसॉर्टमध्ये जाऊन राहिले, आणि आराम करता करता काश्मीर आणि अयोध्या या दोन विषयांवर लेख लिहिले जे २००१ च्या पहिल्या आठवड्यात पेपरात आले. त्यात काश्मीरबद्दल म्हणाले की नुसत्या जुन्या मळलेल्या वाटेनं जाणार नाही, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मुशर्रफ आग्र्याला आले. बोलणी फिसकटली ती गोष्ट वेगळी. पण दिल्लीत रोज पन्नास माणसं भेटायला येत असताना असला विचार बसून लिहायला टाइम मिळाला असता का, मला नाही वाटत.

राजीव गांधी १९८७ च्या शेवटी लक्षद्वीपच्या बंगारम बेटावर कुटुंब आणि मित्रमंडळींसोबत गेले होते, अमिताभ बच्चन पण होते. तेव्हा पण चर्चा झाली आणि २०१९ च्या निवडणुकीत परत उकरून काढली, विराट युद्धनौका टॅक्सीसारखी वापरली असा आरोप मोदींनी केला, आणि त्या वेळच्या निवृत्त नौदल अधिकाऱ्यांनी सांगितलं की तो सरकारी दौरा होता. बत्तीस वर्षांनी सुट्टीचं बिल फाडलं जातं, लक्षात ठेवा.

नेहरू मे १९६४ मध्ये तब्येत बरी नव्हती म्हणून तीन चार दिवस डेहराडूनला विश्रांतीला गेले, २६ तारखेला दिल्लीला परत आले आणि २७ ला गेले.

राष्ट्रपतींचे बंगले कुठं कुठं आहेत?

दिल्लीचं राष्ट्रपती भवन सोडून दोन जुने. एक हैदराबादजवळ बोलारमला, राष्ट्रपती निलयम. दुसरा शिमल्याजवळ मशोब्र्याला, लाकडी बांधकामाचा. हिवाळ्यात दक्षिणेत मुक्काम आणि उन्हाळ्यात डोंगरात अशी पद्धत. पण याला सुट्टी म्हणत नाहीत, ऑफिस तिकडं हलवतात, भेटीगाठी चालूच असतात. २०२३ पासून दोन्ही ठिकाणं सामान्य लोकांना बघायला खुली केलीत, शिमल्याला निघालाच तर मॉल रोडवर दोन दिवस फिरण्यापेक्षा तिकडं जाऊन या.

ही डोंगरात जायची सवय इंग्रजांची का?

हो, त्यांचीच. १८६४ पासून शिमला ही अधिकृत उन्हाळी राजधानी होती, व्हाइसरॉय, कारकून, फायली सगळं वर जायचं, अर्धं वर्ष देशाचा कारभार तिथनं. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरनं महाबळेश्वर धरलं, तिथली माल्कम पेठ हे नाव गव्हर्नर माल्कमचंच. आज पण महाराष्ट्राच्या राज्यपालांची चार सरकारी निवासस्थानं आहेत, मुंबई, पुणे, नागपूर आणि चौथं महाबळेश्वरला. स्ट्रॉबेरी खायला आपण जातो तिथंच.

कॅम्प डेव्हिड म्हंजे नक्की काय? हॉटेल आहे का?

हॉटेल नाही, नौदलाचा तळ आहे. मेरीलँडच्या डोंगरात, वॉशिंग्टनपास्नं साधारण शंभर किलोमीटर. १९४२ मध्ये रूझवेल्टनं सुरू केला आणि नाव ठेवलं शांग्रिला. मग आयझेनहॉवरनं नातवाच्या नावावरनं कॅम्प डेव्हिड केलं. मरीन सैनिकांचा पहारा, झाडीत लाकडी केबिनी, बाहेरचा माणूस आत नाही.

खरी गंमत १९७८ ची. कार्टरनं इजिप्तचे सादात आणि इस्रायलचे बेगिन यांना सप्टेंबरमध्ये तिथं नेलं आणि तेरा दिवस ठेवलं. पत्रकार बाहेर. दोघं एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत, तर कार्टर या केबिनीतनं त्या केबिनीत कागद घेऊन फिरतोय, असं करत करत करार झाला आणि पुढच्या वर्षी इजिप्त आणि इस्रायलचा शांतता तह झाला. आमच्याकडं भावकीच्या जमिनीचा वाद तालमीत बसवून मिटवतात तसलाच प्रकार, फक्त जमीन सिनाईची.

अमेरिकेत सगळ्यात जास्त सुट्ट्या कुणी मारल्या?

हे भांडण कधी संपत नाही कारण मोजायचं कसं यावर एकमत नाही. धाकटे बुश टेक्सासमधल्या क्रॉफर्डच्या आपल्या रँचवर खूप राहायचे, पण तिथं परदेशी पाहुणे यायचे, बैठका व्हायच्या, मग तो दिवस सुट्टीचा धरायचा का कामाचा? रेगनचं कॅलिफोर्नियात डोंगरावर रँच, तिथं लाकडं फोडायचे. ट्रुमनचं फ्लोरिडातलं की वेस्ट, अकरा वेळा जाऊन १७५ दिवस राहिले. ओबामा ख्रिसमसला हवाई आणि ऑगस्टमध्ये मार्थाज व्हिनयर्ड. ट्रम्पचं मार ए लागो तर स्वतःचाच क्लब. बायडन डेलावेअरच्या घरी.

विरोधी पक्षात असताना सगळे दिवस मोजतात, सत्तेत आले की मोजणं बंद. ओबामाच्या गोल्फवर ट्रम्प किती बोलायचे ते आठवा आणि मग पुढं ते स्वतः किती खेळले ते पण आठवा.

सुट्टीत असताना अणुबॉम्बचं बटण कुणाकडं?

त्याच्यासोबतच जातं. लष्करी अधिकारी काळी जड बॅग घेऊन कायम आसपास असतो, गोल्फच्या मैदानावर पण, समुद्रकिनाऱ्यावर पण. बटण वगैरे नाही त्यात, पर्यायांची कागदपत्रं आणि आदेश द्यायची सोय असते, आणि ओळख पटवायचं कार्ड अध्यक्षाच्या खिशात.

सुट्टीवर गेला म्हणून उपाध्यक्षाकडं चार्ज जात नाही. चार्ज जातो तो २५ व्या घटनादुरुस्तीनं, अध्यक्षानं लेखी कळवलं तर, आणि ते सहसा भूल देतात तेव्हा. नोव्हेंबर २०२१ मध्ये बायडनची आतड्याची तपासणी होती तेव्हा कमला हॅरिस ८५ मिनिटं कार्यवाहक अध्यक्ष होत्या.

खर्च कोण करतं? जनताच ना?

मोठा भाग जनताच. जेवणखाण, खाजगी भाड्याचं घर असलं तर त्याचं भाडं, हे अमेरिकेचा अध्यक्ष स्वतःच्या खिशातनं भरतो. पण विमान, हेलिकॉप्टर, सिक्युरिटी, आधी पाठवलेल्या गाड्या, किनाऱ्यावर गस्तीच्या बोटी, हे सगळं सरकारी. अमेरिकेच्या संसदेच्या हिशोब तपासणी खात्यानं २०१९ मध्ये रिपोर्ट दिला होता, २०१७ च्या फेब्रुवारी आणि मार्चमधल्या ट्रम्पच्या मार ए लागोच्या चार फेऱ्यांना १ कोटी ३६ लाख डॉलर लागले. त्यातले साधारण ६० हजार तर मार ए लागोलाच दिले, म्हंजे संरक्षण खात्यानं आणि अंगरक्षकांनी मिळून अध्यक्षाच्याच क्लबला बिल भरलं. हे वाचून आमचा चहावाला म्हणाला, धंदा शिकावा तर ह्याच्याकडनं.

आणि एक खर्च रिपोर्टात येत नाही तो आजूबाजूच्या लोकांचा. ट्रम्प तिथं आले की जवळचं लँटाना नावाचं छोटं विमानतळ बंद पडायचं, तिथले विमान शिकवणारे क्लासवाले बोंबलायचे. आपल्याला हे नवीन नाही. मोठा माणूस कोल्हापुरात यायचा असला की आधी चार दिवस सर्किट हाउसला रंग, रस्त्याच्या दुभाजकाला पिवळा काळा पट्टा, खड्डे एका रात्रीत गायब, आणि त्या दिवशी ताराराणी चौकात बांबू लागले की रिक्षावाला सरळ हात वर करतो, उतरा आणि चालत जावा. ते तर दोन तासाचा दौरा. माणूस आठवडाभर राहायला आला तर विचार करा.

सुट्टी अंगाशी आली असे किस्से सांगा.

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि सांगायला पण हाच आवडतो.

बुश आणि कतरिना. ऑगस्ट २००५, बुश क्रॉफर्डला लांबलचक सुट्टीवर. २९ तारखेला वादळ धडकलं, न्यू ऑर्लिन्सचे बांध फुटले, शहर पाण्यात. बुशनी ठरलेले कार्यक्रम चालू ठेवले आणि ३१ ला वॉशिंग्टनला परत जाताना विमान शहरावरनं नेलं, खिडकीतनं खाली बघतानाचा फोटो निघाला. बस, त्या एका फोटोनं जे व्हायचं ते झालं. खाली माणसं छपरावर बसलेली आणि हा वरनं बघतोय. नंतर बुश स्वतःच म्हणाले की तो फोटो म्हंजे मोठी चूक. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४३ ची, त्यामुळं छपरावर बसून वर हेलिकॉप्टरचा आवाज ऐकणं म्हंजे काय ते शिरोळ आंबेवाडीकडच्या माणसाला समजावून सांगायला नको.

त्याच रँचवर ६ ऑगस्ट २००१ ला बुशना रोजचा गुप्त अहवाल मिळाला होता ज्याचं शीर्षकच होतं की बिन लादेन अमेरिकेत हल्ला करायच्या निर्धारात आहे. महिन्याभरानं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आता तो अहवाल वॉशिंग्टनमध्ये बसून वाचला असता तर काही फरक पडला असता का, याची खात्री कुणीच देणार नाही. पण सुट्टीत वाचला हे लोकांच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

मॉरिसन आणि वणवे. डिसेंबर २०१९, ऑस्ट्रेलिया पेटलेली, सिडनी धुरात, आणि पंतप्रधान स्कॉट मॉरिसन कुटुंबाला घेऊन हवाईला. त्यात ऑफिसनं कुठं गेलेत ते नीट सांगितलंच नाही. मग आग विझवणारे दोन स्वयंसेवक मेले आणि याला सुट्टी अर्धवट टाकून यावं लागलं. त्याआधी रेडिओवर म्हणाला काय, की मी काय पाइप धरून उभा राहत नाही. वाक्य बरोबर आहे हो, पंतप्रधान पाइप धरत नाही. पण घर जळत असलेल्या माणसाला असं बोलतात का? लोकांनी ते वाक्य पुढच्या निवडणुकीपर्यंत सोडलं नाही आणि २०२२ मध्ये तो हरला, कारणं बाकी पण होती.

शिराक आणि उन्हाळा. हा किस्सा आपल्याकडं फारसा माहीत नाही आणि माझ्या मते सगळ्यात भयानक हाच. ऑगस्ट २००३, फ्रान्समध्ये उष्णतेची लाट, साधारण १५ हजार माणसं गेली, बरीचशी म्हातारी, एकटी राहणारी. ऑगस्ट म्हंजे फ्रान्सचा सुट्टीचा महिना, डॉक्टर सुट्टीवर, पोरं सुना सुट्टीवर, राष्ट्राध्यक्ष शिराक कॅनडात क्यूबेकला, आणि आरोग्यमंत्र्यांनी टीव्हीला मुलाखत दिली ती सुट्टीच्या घरातनं, अंगात पोलो टीशर्ट. म्हंजे एकटा राष्ट्राध्यक्ष नव्हे, अख्खा देशच सुट्टीवर होता आणि मागं म्हातारी माणसं पंख्याशिवाय घरात. आरोग्य खात्याच्या संचालकाला राजीनामा द्यावा लागला.

राजेलोकांचं पण आहे. स्पेनचे राजे हुआन कार्लोस एप्रिल २०१२ मध्ये आफ्रिकेत बोट्स्वानाला हत्तीच्या शिकारीला गेले, तिथं पडले, कंबरेचं हाड मोडलं, म्हणून तर देशाला कळलं. घरी तरुण पोरांपैकी निम्मी बेकार, आणि राजा हत्ती मारतोय, वर हा माणूस वन्यजीव वाचवणाऱ्या संस्थेचा मानद अध्यक्ष! हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून माफी मागितली, परत होणार नाही म्हणाले. संस्थेनं पद काढून घेतलं आणि दोन वर्षांनी गादी पण सोडली. नेदरलँड्सचे राजे विलेम अलेक्झांडर ऑक्टोबर २०२० मध्ये कोरोनाचे निर्बंध लागलेले असताना ग्रीसला गेले, बोंबाबोंब झाल्यावर लगेच परत आले आणि व्हिडिओवर दिलगिरी.

सुट्टी नसताना पण सुट्टीचा शिक्का बसलाय असं झालंय का?

ब्रिटनचे पंतप्रधान कॅलाहान. जानेवारी १९७९, देशात संपावर संप, आणि हे ग्वाडेलूप बेटावर मोठ्या नेत्यांच्या बैठकीला गेलेले. कामच होतं. पण कॅरिबियन बेट, ऊन, परत आले ते रापलेले, आणि विमानतळावर म्हणाले की फार गोंधळ आहे असं बाहेरच्यांना वाटणार नाही वगैरे. दुसऱ्या दिवशी एका पेपरची हेडलाइन, संकट? कसलं संकट? हे शब्द ते कधी बोललेच नव्हते, हेडलाइन करणाऱ्याचे होते. पण त्यांनाच चिकटले आणि मे महिन्यात थॅचर आल्या.

सुट्टीवर असताना खुर्चीच गेली असं झालंय का?

सोव्हिएत युनियनमध्ये दोनदा. ऑक्टोबर १९६४, तिथला प्रमुख ख्रुश्चेव काळ्या समुद्राच्या काठावर पित्सुंडाला आराम करतोय, मॉस्कोतनं फोन, बैठक आहे या. गेला, तर बैठक त्यालाच काढायची. ब्रेझनेव्ह बसला.

दुसरा गोर्बाचेव्ह. ऑगस्ट १९९१, क्रिमियात फोरोसला सरकारी बंगल्यावर. १८ तारखेला पाहुणे आले, म्हंजे त्याला उलथवायला निघालेले त्याचेच लोक, त्याआधी सगळे फोन बंद केलेले. तीन दिवस नजरकैद, बाहेर काय चाललंय ते रेडिओवर बीबीसी लावून ऐकायचं. उठाव फसला, गोर्बाचेव्ह परत आला, पण मॉस्कोत तोपर्यंत रणगाड्यावर उभा राहिलेला येल्त्सिन मोठा झालेला आणि डिसेंबरात सोव्हिएत युनियनच संपलं.

चीनचे नेते कुठं जातात?

बेइदाइहे नावाचं समुद्रकाठचं गाव आहे, बीजिंगच्या पूर्वेला. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात वरचे नेते बातम्यांतनं गायब होतात, त्यावरनं लोक ओळखतात की तिकडं गेले. फोटो नाही, कार्यक्रम नाही. आत पोहतात का पुढची नेमणूक ठरवतात ते त्यांनाच माहीत.

मित्राच्या बंगल्यावर फुकट राहिलं तर चालतं का?

कॅनडाचा तेव्हाचा पंतप्रधान जस्टिन ट्रुडोला विचारा. २०१६ च्या ख्रिसमसला कुटुंबासकट इस्माइली पंथाचे धर्मगुरू आगाखान यांच्या बहामातल्या खाजगी बेटावर गेला. आगाखान घरोब्यातले, पण त्यांच्या संस्थेला कॅनडा सरकारकडनं पैसे जातात. वर्षभरानं डिसेंबर २०१७ मध्ये नीतिमत्ता आयुक्तांनी निकाल दिला की हितसंबंधांचा कायदा मोडला. हा कायदा मोडला असं ठरलेला तो पहिला पंतप्रधान. आपल्याकडं उद्योगपतीच्या फार्महाउसवर कोण कुणाच्या राहिलं याचा निकाल कोण देणार, असं पोरं विचारतात, तेव्हा मी चहाचे पैसे द्यायला उठतो.

सुट्टीवर असताना वारले असे कोण?

रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ ला जॉर्जियात वॉर्म स्प्रिंग्जला, पोलिओ झाल्यापासनं ते तिथल्या गरम पाण्यासाठी जायचे. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान हॅरॉल्ड होल्ट १७ डिसेंबर १९६७ ला समुद्रात पोहायला उतरले ते परत आलेच नाहीत, मृतदेह आजपर्यंत मिळाला नाही, आणि मेलबर्नमध्ये त्यांच्या स्मरणार्थ नाव कशाला दिलं तर स्विमिंग पूलला. राणी एलिझाबेथ ८ सप्टेंबर २०२२ ला बाल्मोरलला, स्कॉटलंडमधल्या त्यांच्या उन्हाळी घरात, दोनच दिवस आधी तिथंच लिझ ट्रसना पंतप्रधान नेमलं होतं.

आणि एक आपले.

आपले म्हंजे? कोल्हापूरचे?

हो. छत्रपती राजाराम महाराज दुसरे. हे पोरांना माहीत नसतं याचं मला दर वेळी नवल वाटतं. कोल्हापूर तेव्हा संस्थान, म्हंजे आपले राष्ट्रप्रमुख तेच म्हणा. १८७० मध्ये महाराज वीस वर्षांचे, बोटीनं इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले, बघितलेलं सगळं रोज डायरीत इंग्रजीत लिहायचे, ती डायरी नंतर १८७२ मध्ये छापली पण गेली. परत येताना युरोपातनं खाली उतरत इटलीत फ्लोरेन्सला पोचले आणि तिथं तब्येत बिघडून ३० नोव्हेंबर १८७० ला वारले.

मग प्रश्न अंत्यसंस्काराचा. त्या काळात तिथं दहन करायची परवानगीच नसायची. पण खास परवानगी मिळाली आणि आर्नो नदीला मुग्नोने नदी मिळते त्या संगमावर, कॅशिने बागेच्या टोकाला, रात्री चिता पेटली. आपल्या पद्धतीनं, नदीकाठी, परक्या गावात. १८७४ मध्ये तिथं स्मारक झालं, वर छत्री आणि खाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा. छत्रीची रचना मेजर मँटची, म्हंजे ज्यानं आपला नवा राजवाडा आणि टाऊन हॉल केला तोच. आज तिथल्या लोकांना कोल्हापूर माहीत नसेल पण जवळच्या मोठ्या पुलाला ते भारतीयाचा पूल म्हणूनच ओळखतात. इटलीच्या टूरवर जाणारे कोल्हापूरकर पिसाच्या मनोऱ्याला हात लावल्यासारखा फोटो काढतात आणि फ्लोरेन्समध्ये चर्च बघून बसमध्ये बसतात. गाइडला सांगा की जरा कॅशिनेला घ्या, बागेच्या पार शेवटाला आहे.

शाहू महाराज पण परदेशात गेले होते ना?

१९०२ मध्ये, सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाला. ती सुट्टी नव्हती, पण आपल्या विषयाला एकदम फिट बसते. समारंभ २६ जूनला होता, राजाला अपेंडिक्सचा त्रास झाला म्हणून पुढं ढकलून ९ ऑगस्टला झाला. त्या मधल्या काळात, महाराज तिकडं असतानाच, २६ जुलै १९०२ ला इकडं करवीर सरकारच्या गॅझेटात तो जाहीरनामा निघाला, संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांना. ना फोन, ना इंटरनेट, पत्र जायला दोन तीन आठवडे, आणि तरी कारभार थांबला नाही. हल्ली खासदार गोव्याला गेले म्हणून काम अडलं असं कुणी सांगितलं की मला ही तारीख आठवते.

पोप सुट्टी घेतात का?

व्हॅटिकन हा देश आणि पोप त्याचे प्रमुख, तेव्हा प्रश्न बरोबर आहे. रोमजवळ कॅस्टेल गँडोल्फोला तलावावर त्यांचा राजवाडा आहे, सतराव्या शतकापासनं. पोप फ्रान्सिस मात्र गेलेच नाहीत राहायला, उन्हाळ्यात खोलीवरच, आणि २०१६ मध्ये राजवाड्याचं म्युझियम करून टाकलं. गावातले हॉटेलवाले हळहळले असणार. नवे पोप लिओ २०२५ च्या जुलैमध्ये परत तिकडं सुट्टीला गेले.

सुट्टीत घेतलेला एखादा निर्णय पार गंडला असं?

ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे. एप्रिल २०१७, नवऱ्यासोबत वेल्सच्या डोंगरात पायी फिरायला गेल्या आणि तिथं ठरवलं की मध्यावधी निवडणूक घ्यायची. घेतली, आणि होतं ते बहुमत पण गेलं.

हे लोक आपल्या पन्हाळ्याला का येत नाहीत?

येऊ दे की, आम्ही कुठं नको म्हणतोय. पण आले तर पन्हाळ्याचा एक रस्ता आणि त्यावर बंदोबस्त, म्हंजे शनिवार रविवारची तीन दरवाजाजवळची झुणका भाकर, दही, कणीसवाले सगळे घरी. पावसात धुकं असं असतं की चार पावलावरचा माणूस दिसत नाही, सिक्युरिटीवाले पहिल्याच दिवशी हात टेकतील. राजेलोकांची आमच्याकडची आवडती जागा दाजीपूरचं जंगल, तिथं संस्थानची शिकार चालायची, आता अभयारण्य आहे आणि शिकार सोडा, गव्याला जवळनं हाक मारली तरी गार्ड ओरडतो.

परीक्षेला यातलं काय येतं?

कलम ६५, अमेरिकेची २५ वी घटनादुरुस्ती १९६७ ची, कॅम्प डेव्हिड करार १९७८ चा आणि त्यातली तीन नावं, राष्ट्रपती निलयम कुठं, मशोब्रा कुठं, आणि २६ जुलै १९०२. होल्टचा स्विमिंग पूल येणार नाही, पण लक्षात तोच राहणार तुमच्या, मला माहीत आहे.